चेकसमची स्क्रिप्ट दर रविवारी 'ओके' म्हणत होती, तरी पत्रिका गेली

छापखाना

नमस्कार मंडळी. कऱ्हाडला आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, यात्रेची हँडबिलं, निवडणूक आली की पॅम्प्लेट. २००६ पासूनचं सगळं काम जपून ठेवलंय, कारण आमच्याकडे गिऱ्हाईक परत येतं ते "मागच्या वेळचंच काढा, फक्त नावं बदला" म्हणतच. साधारण ८४ हजार फायली, १.१ टीबी. पेजमेकर, कोरल, टिफ, पीडीएफ, सगळी खिचडी.

२०१९ ला भाच्यानं दुकानातल्या जुन्या पीसीवर उबुंटू टाकून दिलं आणि सोबत एक छोटी स्क्रिप्ट. तीनच ओळींची. पहिली ओळ सगळ्या फायलींचे एसएचए-२५६ चेकसम (फायलीतल्या बाइटांवरून काढलेला ठशासारखा आकडा) काढून यादी नावाच्या फायलीत लिहिते. दुसरी ओळ ती यादी समोर ठेवून सगळ्या फायली तपासते. तिसरी ओळ, निकालात 'फेल्ड' दिसलं तर मला मेल करते. रविवारी रात्री ११ वाजता क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालते. आजतागायत एकही मेल नाही. मी निवांत.

परवा एक बाई आल्या. २०११ साली थोरल्या मुलाची पत्रिका आमच्याकडेच झाली होती, आता धाकट्याचं ठरलंय. तीच पत्रिका हवी, तोच गणपती, तोच रंग. फाईल उघडली तर कोरल म्हणतं फाईल खराब आहे. बॅकअपच्या डिस्कवरची उघडली, तीच रड. लॉग काढून बघितला तर त्या फायलीपुढे दर आठवड्याला 'ओके'.

भाचा म्हणतो एसएचए चुकणं शक्य नाही. मग फाईल कुणी खाल्ली? आणि स्क्रिप्ट नक्की काय तपासत होती?

खडूस_काका

दोन प्रती आहेत आणि दोन्ही उघडत नाहीत. म्हणजे बॅकअप तुम्ही खराब फायलीचाच घेतलाय. चेकसम वगैरे नंतर बघू, आधी सांगा बॅकअप कधी आणि कसा घेता?

विंडोजच_बरी

म्हणून म्हणतो, आम्ही आपले क्लाउडवर टाकतो आणि झोपतो.

टर्मिनलवाला

छापखाना दादा, तुमची पहिली ओळ परत वाचा. दर रविवारी ती *नवी* यादी बनवते, जुनीवर लिहून. मग दुसरी ओळ त्याच नव्या यादीशी त्याच फायली ताडून बघते. स्वतःच पेपर काढायचा, स्वतःच सोडवायचा, स्वतःच तपासायचा, मग १०० पैकी १०० पडणारच. फाईल शनिवारी खराब झाली असेल तर रविवारी ११ वाजता त्या खराब फायलीचाच चेकसम यादीत गेला आणि ११:०१ ला तो बरोबर निघाला.

एसएचएचा यात काडीचा दोष नाही. तो फक्त एवढंच सांगतो की हे बाइट आणि ते बाइट सारखे आहेत का. 'ते' कधीचे, हे तुमच्या स्क्रिप्टनं ठरवायचं असतं.

हसू नका, पण ही चूक मी पगार घेऊन केलेली आहे.

छापखाना

डोक्याला हात लावून बसलोय. पाच-सहा वर्षं हा पीसी रविवारी रात्रभर घरघरत होता तो कशासाठी, ते आत्ता कळलं.

काका, बॅकअपबद्दल: २०२२ ला जुनी १ टीबीची डिस्क भरली म्हणून २ टीबीची नवी आणली, सगळं तिच्यावर कॉपी केलं. मग तिच्यावरून आणखी एका नव्या डिस्कवर बॅकअप. जुनी डिस्क फॉरमॅट करून भाच्याला दिली. त्यानंतर दर महिन्याला आरसिंक, म्हणजे बदललेल्या फायली तेवढ्या बॅकअपवर कॉपी करणारा प्रोग्रॅम.

खडूस_काका

जुनी फॉरमॅट करून दिली. छान.

दप्तरखाना

मी एका जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात स्कॅनिंगचं काम बघते. आमच्याकडे हे रोजचं आहे, म्हणून थोडं लांबण लावते.

आमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, चेकसमची यादी म्हणजे आवक रजिस्टर. कागद दारातून आत आला की नोंद होते, एकदाच. नंतर कुणी रजिस्टर 'ताजं' करायला बसत नाही. नोंद चुकली तर तिच्यावर आडवी रेघ मारून खाली तारखेसह नवी नोंद, पण आधीचं वाचता आलं पाहिजे. तुमच्या भाच्याची स्क्रिप्ट दर रविवारी रजिस्टर फाडून नवं लिहीत होती.

आणि नोंद दारातच व्हायला हवी. स्कॅनरवरून फाईल जिथे पहिल्यांदा उतरते तिथेच आम्ही चेकसम काढतो, सर्व्हरवर नेल्यावर नाही. नेताना काय झालं हे कळायचं असेल तर निघण्याआधीचा आकडा हातात हवा.

यासाठी बॅगइट नावाची एक साधी पद्धत आहे, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या मंडळींनी रूढ केलेली. २०१८ मध्ये ती आरएफसी ८४९३ (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची क्रमांकवार मालिका) म्हणून प्रसिद्धही झाली. त्यात जादू काही नाही. एक फोल्डर, त्यात 'डेटा' नावाचं पोटफोल्डर, आणि बाहेर मॅनिफेस्ट नावाची मजकूर फाईल, तिच्यात ओळीओळीनं चेकसम आणि फायलीचं नाव. पन्नास वर्षांनी एखाद्यानं उघडलं तरी वाचून कळेल. छापखान्याला एवढं करायची गरज नाही, पण वर्षाचं काम संपलं की त्या वर्षाचं एक गाठोडं बांधायला हरकत नसावी.

तुमच्याकडे २०२२ च्या आधीची काहीच प्रत नाही? सीडी, डीव्हीडी, जुना पेनड्राइव्ह?

छापखाना

ताई, तुमच्या तोंडात साखर पडो. कपाटात डीव्हीडींचं खोकं निघालं. २०१३ पर्यंत दर सहा महिन्यांनी बर्न करून ठेवायचो, मग आळस केला. '२०११ जाने-जून' लिहिलेली सापडली. ड्राइव्ह शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून आणला. डीव्हीडीवरची फाईल उघडते! गणपती जसाच्या तसा.

दोन्ही फायलींचा आकार तंतोतंत सारखा आहे, तारीखही तीच. मग फरक काय?

टर्मिनलवाला

हे भारी झालं. आता सीएमपी -एल या कमांडला दोन्ही फायली द्या, आधी डीव्हीडीवरची, मग खराब. जिथे बाइट वेगळा तिथली एकेक ओळ छापेल. हजारो ओळी आल्या तर पहिल्या आणि शेवटच्या चार इथे टाका.

(इथे कमांडी देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टंका. मागे एकानं खरंच देवनागरीत टंकून "चालत नाही" म्हणून धागा काढला होता.)

छापखाना

एकच ओळ आली.

४१८२२०१ १०३ १०७

बस. चार एमबीच्या वर फाईल, त्यात एवढंच?

टर्मिनलवाला

थांबा, इथे मजा आहे. पहिला आकडा बाइटचा क्रमांक. पुढचे दोन अष्टमान पद्धतीत, म्हणजे दहाऐवजी आठाच्या पायावर मोजलेले. १०३ म्हणजे आपले ६७ आणि १०७ म्हणजे ७१. फरक ४. बायनरीत मांडलं तर आठ बिटांतला एकच बिट शून्याचा एक झालाय. तेवढ्यावर पत्रिका बंद, कारण कोरलच्या एक्स-४ नंतरच्या फायली आतून झिप असतात आणि दाबून भरलेल्या मजकुरात एक बिट हलला की पुढचं सगळं घसरतं.

आता डिस्कवर संशय घेऊ नका. डिस्क प्रत्येक सेक्टरसोबत स्वतःची दुरुस्तीची गणितं ठेवते. ती बिघडली की बहुतेक वेळा वाचतानाच एरर देते, किंवा अख्खा ५१२ नाहीतर ४०९६ बाइटचा तुकडा जातो. नेमका एकच बिट, आकार तोच, तारीख तीच, कुठे एरर नाही, हा रॅमचा वास आहे. २०२२ ला सगळं एका डिस्कवरून दुसरीवर गेलं ते याच पीसीच्या रॅममधून ना?

रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर टाका, पीसी त्यावरून सुरू करा आणि रात्रभर चालू द्या.

मुंबई_लोकल

मध्येच शंका. चेकसम एसएचए-२५६ ऐवजी एमडी५ या जुन्या पद्धतीनं काढला तर चालतो का? माझ्याकडे सगळ्या याद्या एमडी५ च्या आहेत, फोटोंच्या. कुठेतरी वाचलं की एमडी५ फुटलाय.

खडूस_काका

फुटलाय. २००४ सालीच चिनी संशोधकांनी दोन वेगळ्या मजकुरांचा एकच एमडी५ काढून दाखवला. एसएचए-१ ची पाळी २०१७ ला आली, ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गूगलनं दोन वेगळ्या पीडीएफ एकाच एसएचए-१ च्या करून दाखवल्या. बदला.

टर्मिनलवाला

काका, ते मुद्दाम फसवणाऱ्यासाठी. रॅमचा सडका बिट कुणाला फसवायला बसलेला नसतो. अपघातानं बिघडलेली फाईल पकडायला एमडी५ चे १२८ बिट भरपूर झाले. जुन्या याद्या अजिबात फेकू नका, त्या जुन्या आहेत हीच त्यांची किंमत. नव्या नोंदी एसएचए-२५६ नं करा. साध्या डिस्कवर वेळ वाचनात जातो, हिशोबात नाही. दादांच्या १.१ टीबीला ११० एमबी प्रति सेकंद धरले तर दहा हजार सेकंद, पावणेतीन तास. त्यात एमडी५ आणि एसएचए-२५६ मधला फरक सहसा जाणवतही नाही.

खडूस_काका

ते ठीक आहे. पण बाहेरून उतरवलेल्या फायलीला एमडी५ नको, एवढं तरी मान्य कराल.

टर्मिनलवाला

मान्य.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, येक सांगू का. मले बी चेकसमनं रडवलं, पण येगळ्याच पायी. माह्या फायली शाबूत होत्या, तरी तपासणी म्हणे "अशी फाईल नाही". यादीत नाव दिसते, फोल्डरात नाव दिसते, दोन्ही सारखेच दिसतात, अन् हा म्हणते नाही. तीन दिवस गेले.

शेवटी घोळ सापडला 'ऱ' मध्ये. माह्यं आयडी बघा. 'ऱ' युनिकोडमध्ये (कॉम्प्युटर अक्षरं ज्या क्रमांकांनी ठेवते त्यात) दोन तऱ्हेनं लिहिता येते. येक तर सरळ एकच अक्षर, नाहीतर 'र' अन् खाली नुक्ता म्हणजे टिंब, अशी दोन. दिसाले सारखं, बाइट येगळे. जुन्या मॅकच्या एचएफएस+ डिस्कवर फाईल टाकली का ते नाव तोडून र-अधिक-नुक्ता करून ठेवते. लिनक्स जसं दिलं तसं ठेवते. यादी लिनक्सवर केली, फायली मॅकवरून फिरून आल्या, झालं. अन् तिसरी गंमत म्हणजे काही जुने कीबोर्ड 'ऱ्ह' साठी 'र', हलन्त अन् मंधात न दिसणारा जोडक घालतात. तेही डोळ्याले तसंच दिसते. 'वऱ्हाड' तीन प्रकारे लिहिता येते अन् चेकसमची यादी तिन्ही येगळी समजते.

दादाच्या तर गावातच 'ऱ्ह' हाय. गिऱ्हाईक, कऱ्हाड, वऱ्हाडी मंडळी. पत्रिकेच्या छापखान्यात याच्याबिगर फाईल असन का?

दप्तरखाना

वऱ्हाडी दादा, दंडवत घ्या. आमच्याकडे 'तऱ्हेवाईक अर्ज' नावाचं एक फोल्डर आहे, ते दर तपासणीत 'हरवतं'. आम्ही ते भुताटकीच्या खात्यात टाकलं होतं.

टर्मिनलवाला

अगदी बरोबर. यातल्या पहिल्या दोन प्रकारांसाठी कॉन्व्हएमव्ही नावाचं साधन आहे, एनएफसीचा (तोडलेलं अक्षर जोडून एक करण्याचा) पर्याय देऊन चालवलं की नावं एका पद्धतीत आणतं. आधी नुसतं काय करणार ते दाखवतं, नोटेस्ट म्हटल्याशिवाय हात लावत नाही, हे चांगलं. अदृश्य जोडकाचा प्रकार मात्र त्यानं सुटत नाही, युनिकोडच्या लेखी ते वेगळं लेखनच आहे. ते हातानं.

विंडोजवरून आलेल्या याद्यांचाही असाच एक त्रास. तिथे ओळीच्या शेवटी एक जास्तीचा अदृश्य वर्ण असतो, जुन्या लिनक्सवर तो फायलीच्या नावाला चिकटतो आणि सगळ्याच फायली 'नाहीत' होतात. डॉसटूयुनिक्स चालवा, मोकळे व्हा.

छापखाना

मेमटेस्ट लावून घरी गेलो होतो. सकाळी शटर उघडलं तर स्क्रीन लाल. पहिली फेरी साफ गेली होती, दुसऱ्या फेरीपासून एरर. प्रत्येक लाल ओळीत एरर बिटच्या खाली ०००००००४.

टर्मिनलवाला

चार! आता तुमचा बाइट बघा. मोजणी एकपासून आहे, म्हणून ४१८२२०१ मधून एक वजा करा, ४१८२२००. आठनं पूर्ण भाग जातो, म्हणजे रॅमच्या त्या आठ बाइटच्या घरातला पहिलाच बाइट. आणि त्यात हललेला बिट चार किमतीचा. तोच बिट. चोर मुद्देमालासह सापडला.

ती रॅम स्टिक काढून ठेवा. दोन असतील तर एकेक लावून तपासा, कधी कधी खाचेतली धूळही निघते. आणि रॅम बदलेपर्यंत त्या पीसीवर एकही कॉपी करू नका, नवी यादीही नको.

छापखाना

दोन होत्या, एक वाईट निघाली. दुसरीवर तीन फेऱ्या साफ. आता चार जीबीवरच चालवतोय.

पण दादा, आणखी किती फायली अशा गेल्या असतील? जुनी यादी तर नाहीच.

टर्मिनलवाला

यादी नसली तरी काही फायली स्वतःच बोलतात. झिपच्या आत प्रत्येक घटकाचा सीआरसी-३२ नावाचा छोटा चेकसम असतो. म्हणजे एक्स-४ नंतरच्या सगळ्या कोरल फायली, वर्ड-एक्सेलच्या नव्या फायली, यांच्यावर अनझिप -टी चालवा, बिघडलेली ओरडेल. पीएनजीत तुकड्यातुकड्याला सीआरसी असतो, त्याला पीएनजीचेक. पेजमेकर, टिफ, जेपेग मुके आहेत. ते डीव्हीडींशी ताडूनच कळतील.

आता स्क्रिप्ट. यादीत प्रत्येक ओळीला चार गोष्टी ठेवा: चेकसम, आकार, शेवटच्या बदलाची वेळ, नाव. मग रविवारी फाईल यादीत नसेल तर ओळ जोडा. यादीत आहे पण डिस्कवर नाही, तर कळवा, ओळ मात्र स्वतः काढू नका. वेळ बदललेली असेल तर तुम्ही काम केलंय असं धरून नवी ओळ, जुनी ओळ इतिहासाच्या फायलीत. आणि वेळ तीच, आकार तोच, चेकसम वेगळा निघाला तर बोंब मारा आणि यादीला हात लावू नका. सगळी स्क्रिप्ट या एका अटीसाठी लिहायची आहे.

बारीकसारीक: फायलींची नावं फाइंडकडून प्रिंट० नं घ्या आणि एक्सआर्ग्जला -० द्या, नाहीतर 'पाटील शिंदे लग्न फायनल २' सारख्या मोकळ्या जागा असलेल्या नावांचे तुकडे होतात. 'फेल्ड असेल तरच मेल' बंद करा. दर वेळी मेल येऊ द्या, "८४ हजार अमुक तपासल्या, बिघाड शून्य" असा. मेल आलाच नाही तर स्क्रिप्ट मेली हे कळतं. यादी दुसऱ्या डिस्कवरही ठेवा.

मुंबई_लोकल

मी कॉपी झाल्या झाल्या लगेच चेकसम ताडतो, बॅकअपवर. तेवढं पुरे ना?

टर्मिनलवाला

नाही. नुकतीच लिहिलेली फाईल अजून रॅममध्येच असते, लिनक्स तिथूनच वाचून देतो. डिस्कला विचारतही नाही. १ टीबीत बराच भाग आपोआप बाहेर पडतो, पण शेवटच्या काही जीबीची तपासणी खोटी. डिस्क नीट अनमाउंट करून, काढून, परत लावून मग तपासा.

आणि आरसिंकचं सांगायचं राहिलं, ते महत्त्वाचं. साधा आरसिंक फक्त आकार आणि वेळ बघतो. मूळ डिस्कवरची फाईल पडून पडून सडली तर आकार-वेळ तीच, म्हणून तो तिला हातच लावत नाही आणि बॅकअपवरची चांगली प्रत शाबूत राहते. लोक "जास्त सुरक्षित" म्हणून -सी लावतात. मग तो चेकसम वेगळा बघतो, फाईल बदलली समजतो, आणि सडकी प्रत चांगलीवर लिहून मोकळा होतो. -सी लावायचाच तर सोबत -एन लावा, म्हणजे नुसता फरक दाखवेल. कोणती बरोबर ते यादी सांगेल.

खडूस_काका

हे मला माहीत नव्हतं. माझ्या क्रॉनमध्ये -सी आहे. २०१६ पासून.

विंडोजच_बरी

काका, क्लाउडवर या.

खडूस_काका

तुमच्या क्लाउडवर खराब फाईलही तेवढ्याच इमानानं चढते.

दप्तरखाना

एक राहिलं. चेकसम आजार सांगतो, औषध देत नाही. महत्त्वाच्या गाठोड्यांसाठी आम्ही पार२ च्या जोडफायली करतो, दहा टक्के जास्तीची जागा देऊन. मग एखादा बिटच काय, थोडाफार तुकडा गेला तरी मूळ फाईल परत घडवता येते. सगळ्या ८४ हजारांना नको. दादा, वर्ष बंद करताना करा. आणि डीव्हीडी आत्ताच उतरवून घ्या, त्या काही आपल्यासाठी थांबणार नाहीत. वाचताना अडखळली तर डीडीरेस्क्यू, खराब डिस्कवरून जमेल तेवढं वाचून काढणारा प्रोग्रॅम.

छापखाना

उशिरा लिहितोय, सीझन आहे.

अनझिप -टी नं आणखी सात कोरल फायली पकडल्या. पाच डीव्हीडीवर शाबूत मिळाल्या. दोन २०१६ च्या आहेत, आळसाच्या काळातल्या, त्या गेल्या. टिफ आणि पेजमेकरचं ताडणं चालू आहे, रोज दुकान बंद करताना दोन डीव्हीडी. एक डीव्हीडी वाचत नाही, तिला डीडीरेस्क्यू लावलाय, कालपासून ९१ टक्क्यांवर बसलाय.

भाच्यानं नवी स्क्रिप्ट लिहिली. परवाच्या रविवारी पहिला मेल आला. ८४ हजारांतल्या ३१२ फायली 'नाहीत' म्हणाला. पोटात गोळा आला, मग नावं वाचली. गिऱ्हाईक बिलं, कऱ्हाड अर्बन, वऱ्हाडी स्वागत बोर्ड. मध्यंतरी मॅकवाल्या आर्टिस्टनं काम केलं होतं, त्याच्या डिस्कवरून परत आलेल्या सगळ्या. वऱ्हाडी भाऊ, तुमच्या नावानं चहा पाजला भाच्याला.

धाकट्याची पत्रिका काल छापून गेली. शेवटच्या प्रूफला बाईंनी गणपती बदलायला लावला.

वऱ्हाडी_ठेचा

नवीन गणपतीचा चेकसम घेतला का?

छापखाना

घेतला. दारातच.